वाचलेली ओळ

नॉकडर्ग, मेयो
फेब्रुवारी १९३७

प्रिय डीलिया,

तुझं पत्र पोचून बरेच दिवस झाले. हल्लीचा पोस्टमन नवा आहे, आणि तोंडाळ. पाकीट हातात देताना म्हणाला, "बोस्टनचं आहे, बाई, आणि जड आहे. लग्नाचं की मयताचं?" मी म्हटलं, "आमच्या वयात दोन्ही एकाच पाकिटातून येतं." तो हसत पुढे गेला. मी दार लावलं, चुलीपाशी बसले आणि पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तुझा नवरा गेल्याचं तू कळवलं होतंस तेव्हा मी दोनच ओळी लिहिल्या. त्या पुरेशा नव्हत्या, पण ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही त्याच्याबद्दल काय लिहायचं ते मला सुचलं नव्हतं. आता तू लिहितेस की मे महिन्याच्या बोटीचं तिकीट काढलंय, आईची कबर बघायची आहे, मनात आलं तर इथेच राहीनसुद्धा. आणि सगळ्यात खाली, जागा उरली नाही तिथे कागद आडवा धरून, माझ्या भावाबद्दल, मॅलकीबद्दल विचारलंयस. आपण एका बाकावर बसून लिहायला शिकलो, डीलिया. जे खरं विचारायचं असतं ते तू नेहमी कोपऱ्यात लिहितेस.

त्याचंच सांगायला बसलेय, पण मला सुरुवातीपासून यावं लागेल. मधलं तुला माहीत नाही, आणि मधल्याशिवाय शेवट कळायचा नाही.

तो इंग्रजांच्या पलटणीत गेला तेव्हा आपण परकर सावरत बदकांमागे धावणाऱ्या मुली होतो. आमच्या जमिनीत बटाट्यांपेक्षा दगड जास्त, आणि बाबा म्हणायचे, "दोन मुलगे असते तर एकाला दगड वाटून दिले असते. एकच आहे, तर त्याला सगळे." मॅलकीने तेवढं ऐकलं आणि तालुक्याच्या गावी जाऊन नाव नोंदवलं. आई आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. मग तो हिंदुस्थानात गेला आणि तिथून त्याची पत्रं येऊ लागली तशी तीच आई चर्चच्या पायऱ्यांवर ती बायकांना वाचून दाखवायची. वाचता तिला येत नव्हतं, पाठ करून घ्यायची माझ्याकडून.

लढाईच्या आधीच्या उन्हाळ्यात तो रजेवर आला ते तुला मी कशाला सांगू. सार्जंटच्या फिती लावून तुमच्या दारात उभा राहिला आणि तुझ्या आईने त्याला बटाट्याच्या पोळ्या वाढल्या, त्याने तव्यावरची शेवटचीसुद्धा सोडली नाही. "पलटणीत उपाशी मारतात का रे तुला?" असं ती म्हणाली. "नाही काकू," तो म्हणाला, "पण तिथल्या आचाऱ्याला मुलगी नाही." तू ताटली घेऊन आत पळालीस ती बाहेरच आली नाहीस. तुझी आई हसत होती. तिचं ते हसू मला फार आठवतं, कारण पुढे ते मी पुष्कळ वर्षं पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी त्याला भरतीसाठी गावोगाव फिरवलं. जत्रेच्या दिवशी व्यासपीठ उभारलं होतं, बँड होता, आपले फादर होते, जमीनदारीणबाई हॅट घालून बसल्या होत्या. वक्त्यांनी छोट्या राष्ट्रांविषयी आणि बेल्जियमच्या नन्सविषयी भाषणं केली, आणि आपली पोरं कुंपणावर बसून दाणे खात होती. मग मॅलकीला उभं केलं. तो म्हणाला, "मला बोलता येत नाही. बूट चांगले मिळतात. जेवण वेळेवर मिळतं. आणि मी तुमच्या पुढे असेन." त्या शेवटच्या वाक्यावर पोरं कुंपणावरून उतरली. गावातली आणि पाड्यांवरची मिळून डझनभर. तुझा भाऊ मार्टी वय वाढवून सांगून त्यांत घुसला. तुझ्या आईने मॅलकीचा हात धरून सांगितलं, "तू त्याला परत आण, एवढंच." तो म्हणाला, "आणतो."

मार्टी कसा गेला ते मॅलकीने तुम्हाला पत्रातून कळवलं होतं: गोळी लागताक्षणी, काही न कळता. तसं नव्हतं. हे लिहावं की नाही यावर मी फार विचार केला. पण तू आता पन्नाशीकडे झुकलीस आणि नवरा पुरून बसली आहेस, तुला खरं ऐकायची ताकद आहे असं मी धरून चालते. मॅलकीने मला हे एकदाच सांगितलं, आम्ही दोघं रानात जळणाचं पीट उभं करून वाळत घालत होतो तेव्हा. फ्लँडर्समध्ये एका पडक्या शेतघराच्या भिंतीआड त्यांची तुकडी अडकली होती. मॅलकी तोवर अधिकारी झाला होता. समोर मशीनगन होती. मार्टी निरोप घेऊन मागे जायला निघाला आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात पडला. सकाळी पडला आणि दुपारपर्यंत हाका मारत होता. आधी मॅलकीला, मग आईला. दोघंजण त्याला आणायला गेले, ते त्याच्या शेजारीच पडले. तेव्हा मॅलकीने बाकीच्यांना थांबवलं आणि स्वतः निघाला. मशीनगन शांत केल्याशिवाय मार्टीपर्यंत पोचता येत नव्हतं, म्हणून तो आधी तिच्याकडे गेला. त्या खड्ड्यात शिरल्यावर काय केलं ते त्याने सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की ती तिघं होती आणि तिघंही आपल्या मार्टीच्या वयाची होती. तिथून तो मार्टीकडे धावला. मार्टी गप्प झाला होता.

"त्यांनी मशीनगन धरली हिशेबात, सबीना," तो मला म्हणाला. "वरच्या साहेबाने दुर्बिणीतून पाहिलं आणि लिहिलं, अतुलनीय शौर्य. मी तर फक्त त्या पोराचा आवाज थांबावा म्हणून उठलो होतो."

त्या दिवसाबद्दल राजाने त्याच्या छातीवर शौर्यपदकाचा क्रॉस लावला, आणि वर्तमानपत्रात फोटो आला. त्या रजेत तो आधी तुमच्या घरी गेला. तुझ्या आईने दार उघडलं, त्याच्या छातीकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझं पोर नेलंस आणि बदल्यात हा बिल्ला आणलास?" तू तिच्या मागेच उभी होतीस. तरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तू त्याच्या शेजारून चर्चमधून बाहेर पडलीस. मी तेव्हा तुला काही बोलले नाही. आज म्हणते, की आमच्या घरात त्या क्रॉसबद्दल कुणी कधी अभिमानाने बोललं नाही, पण तुझ्या त्या चालण्याबद्दल आई मरेपर्यंत बोलत होती.

लढाई संपून तो घरी आला तोवर गावाने कूस बदलली होती. ज्या पोरांनी बँड वाजवला होता तीच आता डोंगरात बंदुका लपवत होती, आणि ज्यांनी टोप्या उडवल्या होत्या ते म्हणत होते की इंग्रजांचा पगार खाणाऱ्यांनी तिकडेच मरायला हवं होतं. मॅलकी कुणाशी वाद घालत नसे. "त्यांचं बरोबर आहे," म्हणायचा, "आमचंही तेव्हा बरोबरच वाटलं होतं." गणवेश पेटीत ठेवला आणि बाबांच्या दगडांत कुदळ मारायला लागला. तुझा दुसरा भाऊ, ऑस्टिन, डोंगरातल्या पोरांचा पुढारी झाला होता. तरी मार्टीला जाऊन वर्षं झाली होती, तुझी आई मऊ पडत चालली होती, आणि लेंटचा उपवास लागण्याआधी तुमचं लग्न उरकायचं ठरलं. शिवणटिपणासाठी तू स्लायगोला मावशीकडे गेलीस. त्याच आठवड्यात टॅन आले, बंडखोरांना चिरडायला इंग्रजांनी पाठवलेले ते भाडोत्री शिपाई.

ते तू पाहिलं नाहीस. परत आलीस तेव्हा समोरच्या घरांच्या ओळीच्या काळ्या भिंती तेवढ्या पाहिल्यास. मी दारात उभी होते, मी सगळं पाहिलं. पुलाजवळ त्यांच्या दोन लॉऱ्यांवर हल्ला झाला होता आणि सूड घ्यायला ते दिवेलागणीला गावात शिरले, निम्मे दारू प्यालेले. त्यांना ऑस्टिनचं घर हवं होतं. तुझी आई आत एकटी होती. मॅलकी उठला, पेटी उघडली, गणवेश चढवला, क्रॉस लावला. इतक्या शांतपणे की मला वाटलं, हा त्यांना सामील व्हायला निघाला. रस्ता ओलांडला नाही, आपल्याच ओळीतून भिंतीकडेने चालत तो तुमच्या दारात जाऊन उभा राहिला.

त्यांचा अधिकारी कोवळा होता. कंदील वर करून त्याने क्रॉस पाहिला आणि बुटाच्या टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. "सर, आपण इथे?" मॅलकी म्हणाला, "मी इथलाच आहे. या घराला काडी लागली तर आधी मला जाळावं लागेल. आणि माझं नाव तुझ्या रिपोर्टात लिहावं लागेल." तो पोरगा गोंधळला. मग म्हणाला, "ठीक आहे, सर. तुमची ओळ सोडतो. पण हात हलवत परत गेलो तर माझी पोरं ऐकणार नाहीत. समोरची घेतो." मॅलकी त्याच्या अंगावर धावला. मागून कुणीतरी बंदुकीचा दस्ता त्याच्या कानशिलात हाणला आणि तो गुडघ्यांवर आला. मग दोघांनी त्याला दंडाला धरून उचलून उभं ठेवलं आणि समोरची ओळ जळताना बघायला लावलं. त्याच्या एका कानाने त्या दिवसापासून काम केलं नाही.

लोक दारं लावून आत होते. खिडक्यांच्या फटींतून त्यांना सलाम दिसला. दस्ता दिसला नाही. दिसलं ते एवढंच, की टॅनांचा साहेब आमच्या मॅलकी डर्कनला सर म्हणतो, डर्कन त्याच्याशी बोलतो, मग त्याची ओळ वाचते आणि समोरची जळते. आणि ती जळताना तो दोन टॅनांच्या मधे उभा राहून बघतो. मी घरोघर जाऊन सांगितलं. बायकांनी ऐकून घेतलं. एक म्हणाली, "बहीण आहेस. तू तेच म्हणणार."

तुझ्या आईला खरं माहीत होतं, पण ती दाराच्या आत होती आणि तिच्या डोळ्यांसमोर फक्त त्याची पाठ होती. तीही कोर्टात शपथ घेऊन सांगू शकली नसती. उरला ऑस्टिन. तो दोनच दिवसांनी आमच्या गोठ्याच्या बाजूने आला, टोपी हातात घेऊन. मी चहा ओतत होते, म्हणून प्रत्येक शब्द माझ्या कानावर पडला. तो म्हणाला, "कॅप्टन, तू माझ्या आईला वाचवलंस हे मला कळतं. पण हे मी माझ्या माणसांसमोर बोललो तर ते म्हणतील, ऑस्टिनची आणि टॅनांची आतून सोयरीक आहे. मलाही भिंतीशी उभं करतील."

"बोलू नकोस," मॅलकी म्हणाला.

"तुझं नाव गोळी घालायच्या यादीवर आलंय. मी ते चार दिवस मागे ढकलू शकतो. इंग्लंडला जा."

"डीलिया माझ्याबरोबर येईल."

ऑस्टिनने टोपी दोन्ही हातांत पिळली. "आली तर मी तिचा भाऊ उरणार नाही, आणि आई एकटी इथे खपेल. इथे थांबली, तुझी म्हणून थांबली, तर पोरं तिला चर्चच्या दारात बसवून तिचं डोकं भादरतील. मी पुढारी आहे, देव नाही. तूच काहीतरी कर, की तीच तुझं नाव टाकेल."

डीलिया, स्टेशनाच्या वाटेवर त्याने तुला जे सांगितलं, की मार्टीच्या ऋणापोटी तो तुझ्याशी लग्न करायला निघाला होता आणि आता त्याला ते ओझं वाटतं, ते वाक्य त्याने आदल्या दिवशी आमच्या चुलीपाशी बसून जुळवलं होतं. तीन-चार तऱ्हांनी बोलून पाहिलं. मी म्हटलं, असलं काही बोलशील तर ती मरून जाईल. तो म्हणाला, "मरणार नाही. चिडेल. चिडलेली माणसं जगतात." तू त्याच्या थोबाडीत मारलीस ती नेमकी बऱ्या कानावर, म्हणून तुझे त्यानंतरचे शब्द त्याला ऐकूच आले नाहीत. घरी येऊन त्याने मला विचारलं, ती काय म्हणाली असेल? मला काय ठाऊक. तू वसंतात बोस्टनला गेलीस. मला कुणाला काही सांगायची त्याने बंदी घातली होती, आणि पुढच्या वर्षी आपसातल्या यादवीत ऑस्टिनला त्याच्याच जुन्या सोबत्यांनी गोळी घातल्यावर सांगून पटवणारंही कुणी राहिलं नाही.

लिव्हरपूलच्या गोदीत तो पहारेकरी होता. तिथे तो आयरिश म्हणून हलका, इथे इंग्रजांचा म्हणून हलका. आई अंथरुणाला खिळली तेव्हा परत आला. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. नुसतं दुकानात तो शिरला की बोलणं थांबायचं. शेजाऱ्याचं पीट पावसात भिजत पडलेलं दिसलं म्हणून मदतीला गेला, तर शेजारी म्हणाला, "राहू दे, कॅप्टन. भिजलेलं बरं." लढाईनंतर जन्मलेली पोरंसुद्धा पुलावरून हाक मारत, "कॅप्टनसाहेब, आज कुणाची घरं वाचवायची?" तो टोपीला हात लावून पुढे जायचा. दहा वर्षं तो असाच टोपीला हात लावत जगला, आणि मला वाटत होतं की माणसाला अशाचीही सवय होते.

मग गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात ते सुरू झालं. सकाळी उठून तो बूट चढवायचा आणि पावसात निघायचा. मला आधी कळेना कुठे जातो. तो जत्रेच्या दिवशी कुंपणावरून उतरलेल्या पोरांच्या घरी जात होता, एकेकाच्या. दार वाजवायचा आणि म्हणायचा, "बाई, पोराला पाठवू नका. मी काल जे बोललो ते मनावर घेऊ नका." बहुतेक घरांत आता सुना आहेत, नातवंडं आहेत, काही घरं परक्यांनी घेतलीत. कुणी हसायचं, कुणी कुत्रं सोडायचं. एकीने माझ्याकडे येऊन, "तुझ्या भावाला बांधून ठेव," असं सुनावलं, आणि तिचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही.

तुमच्याकडेही गेला. तुझ्या आईच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट आहे. तुला तेव्हा कळवली नाही. मी त्याच्या मागोमाग धावत पोचले तर ती काठी टेकत दार उघडत होती. तो नखशिखांत भिजलेला. म्हणाला, "काकू, मार्टीला पाठवू नका. मी त्याला परत आणू शकणार नाही." तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता ती जुनं काहीतरी बोलणार. ती म्हणाली, "नाही पाठवत, बाळा. झोपलाय तो आत. तू बस, चहा घे." तो बसला. तिने त्याच्या ओल्या डोक्यावर आपली शाल टाकली. त्या संध्याकाळी घरी येताना तो माझ्याशी शहाण्यासारखा बोलला, हवेबद्दल, गाईबद्दल. मला वाटलं, सुटला हा. चारच दिवसांनी तुझी आई गेली, आणि पुढच्या सोमवारी तो पुन्हा बूट चढवून निघाला. या वेळी तुमच्या दारात नुसतं कुलूप होतं. तो ते दुपारपर्यंत वाजवत राहिला.

आता शुद्धीचे दिवस महिन्यातून एखाद-दुसरे. डॉक्टर जिल्ह्याच्या इस्पितळातून येऊन पाहून गेले. सज्जन माणूस होता. म्हणाला, तुम्ही फार दिवस केलंत, आता आमच्याकडे द्या. शनिवारी गाडी येणार आहे. मी हो म्हटलं, कारण गेल्या महिन्यात तो नदीच्या काठाने निघाला आणि माझ्या गुडघ्यांना त्याला गाठता आलं नाही.

गेल्या रविवारी त्याला शुद्ध होती. दाढी केली, स्वतःहून चर्चला चल म्हणाला. परत आल्यावर मी तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं, कोपऱ्यातल्या ओळीसकट. त्याने बऱ्या कानाकडून ऐकलं आणि मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, "तिला लिही, मी गेलो." मी म्हटलं, मॅलकी, असं लिहिणार नाही. "एक ओळ लिही, सबीना. गेल्या हिवाळ्यात गेला. न्यूमोनियाने. फार त्रास झाला नाही." कशाने गेला तेही त्यानेच ठरवून दिलं, जशी मार्टीची गोळी ठरवली होती. मी मंगळवारी त्याला सांगितलं की पत्र टाकलं. तो पुन्हा धुक्यात जायला लागला होता, पण तेवढं त्याला कळलं. "रडली का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, अजून पोचायचंय. "रडेल एक दिवस," तो म्हणाला, आणि कित्येक आठवड्यांत प्रथमच पोटभर जेवला. ती एक ओळ लिहायला मी खरोखरच कागद घेतला होता, आणि तो कागद हा. मला ती लिहिता आली नाही. तो जिवंत आहे, डीलिया. येऊ नकोस.

तुझीच, एका बाकावरची,
सबीना